पाच नंबरचं नाव

बारामतीच्या एमआयडीसीतल्या एका खासगी डेअरीत मी एकवीस वर्षं संकलन विभागाचं कागदी काम पाहिलं. डेअरी आता नाही, तिच्या जागी कसलंसं गोदाम आहे. माझं नाव सोमनाथ. हे सुरुवातीलाच लिहून ठेवतो. लिहायला मला काही अडचण येत नाही.

मला वाचनाची सवय आहे. फार वाचणाऱ्या माणसाच्या आठवणींवर विसंबू नये, असं माझं स्वतःचंच मत आहे. म्हणून जे डोळ्यांनी पाहिलं आणि कानांनी ऐकलं तेवढंच सांगतो. त्यातही चूक असेल.

ही १९९७ सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. थंडी पडली की जनावरं दुधाला जास्त येतात. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या साठेक गावांतून आमच्याकडे दूध यायचं, आणि रोज दहानंतर गावोगावच्या केंद्रांचे सचिव फोन करायचे. आमच्या दुधाला फॅट किती लागली, डिग्री किती आली, एवढंच त्यांना हवं असे. या दोन आकड्यांवर दुधाची प्रत ठरायची. चार लायनी होत्या, चारही एकदम वाजायच्या, आणि टेलिफोनच्या बोर्डावर केसरबाई एकट्या बसायच्या.

केसरबाई काटेवाडीहून एसटीने येत. वय पंचेचाळीसच्या आसपास. एका हाताने बोर्डाच्या दोऱ्या लावत, दुसऱ्या हाताने तपासणीचं रजिस्टर उलटत त्या आकडे सांगायच्या, आणि मधूनच, "आबाजी, म्हस व्याली का?" असं विचारायच्या. त्यांचा आवाज गोड नव्हता, पण स्पष्ट होता. प्रत्येक शब्द सुटा ऐकू यायचा. माझं टेबल पाच नंबरच्या फोनवर. गेली कितीतरी वर्षं त्या मला नुसतं 'साहेब' म्हणत. कुणी नाव घेऊन मला विचारलं, तर "देते जोडून" म्हणत आणि पाच नंबर लावत. त्यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलं नाही.

मालक बापूसाहेबांनी पुण्याच्या प्रदर्शनात एक मशीन पाहिलं. फोन केला की मशीनच उचलतं, गावाचा नंबर दाबायला सांगतं आणि आकडे बोलून दाखवतं. "चहा पीत न्हाय, रजा मागत न्हाय," बापूसाहेब म्हणाले. "चारी लायनीवर येका टायमाला बोलतंय. बाईला चार तोंडं हायत का?"

मशीन जोडायला पुण्याहून बुद्धघोष नावाचे इंजिनिअर आले. पस्तिशीचे, मितभाषी. एक कॉम्प्युटर, त्यात बसवलेलं हिरवं कार्ड, कार्डातून निघालेल्या चार तारा. त्यांनी मला शब्दांची यादी करायला सांगितली.

"वाक्यं नकोत. सुटे शब्द द्या. वाक्यं मशीन जुळवतं."

मराठीत शून्यापासून नव्व्याण्णवपर्यंत प्रत्येक आकडा वेगळा, त्यामुळे सगळे घ्यावे लागले. मग वार, महिने, सकाळ, संध्याकाळ, साठ गावांची नावं, फॅट, डिग्री, पॉइंट, नमस्कार, थांबा, धन्यवाद. शेवटी आम्हा सहा जणांची नावं, कारण कुणाला माणसाशीच बोलायचं असेल तर 'संकलन, सोमनाथ, पाच दाबा', 'प्रयोगशाळा, अंजली, सहा दाबा' असं मशीनने सांगायचं होतं. दोनशेवर शब्द झाले. आवाज केसरबाईंचा घ्यायचा, हे कुणीच ठरवलं नाही. दुसरा आवाज कुणाच्या मनातच आला नाही.

ध्वनिमुद्रण माझ्या रेकॉर्डच्या खोलीत झालं. जुन्या रजिस्टरांच्या चवडी आवाज शोषून घेतात. खिडक्यांवर दोन गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला. केसरबाई खुर्चीत ताठ बसून वाचत होत्या. प्रत्येक शब्दानंतर बुद्धघोष हात वर करायचे. पडद्यावर आवाजाची एक रेघ उमटायची, आणि शब्दाच्या आधी घेतलेला श्वास ते मला दाखवून कापून टाकायचे. "श्वास राहिला तर जोड कळतो," ते म्हणाले.

'अंजली' आलं तेव्हा केसरबाई हसल्या. "माझ्या लेकीचं नाव बी हेच." त्यांची अंजली पुण्यात नर्सिंगला होती. त्यांनी ते नाव दोनदा म्हटलं. दुसरं जास्त चांगलं आलं, तेच ठेवलं.

'सोमनाथ'पाशी त्या थांबल्या.

"हे न्हाय जमायचं."

"का हो?" मी विचारलं.

त्या पदराशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्या ह्यांचं हाय."

मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"उखाण्यात घ्या," बुद्धघोष म्हणाले.

"लग्नात बायकांनी लई आग्रह केला, तवा न्हाय घेतलं. आता तुमच्या डब्यात घालू व्हय? मी देव मानत न्हाय, उपास करत न्हाय. पर हे न्हाय जमायचं."

मी बुद्धघोषना म्हटलं, तेवढं नाव तुम्ही म्हणा.

"आम्ही आमचा आवाज देत नाही," ते पडद्याकडे बघत म्हणाले.

"का?"

"तशी पद्धत आहे."

मग मीच खुर्चीत बसलो. मला माणसांसमोर बोलायचा संकोच, आणि स्वतःचं नाव मोठ्याने म्हणायचं म्हणजे फारच. तीन वेळा म्हणावं लागलं. त्यांनी श्वास कापला आणि मशीन बंद केलं.

सोमवारी लायनी जोडल्या. पहिल्याच दिवशी दोनशे फोन मशीनने घेतले. ज्यांचे फोन जुने, डायलचे होते, त्यांचेच फोन काही न दाबल्यामुळे बोर्डावर केसरबाईंकडे यायचे. लोक मशीनला उत्तरं देत. "काटेवाडी. मंगळवार. सकाळ. फॅट तीन पॉइंट आठ. डिग्री अठ्ठावीस," असं मशीन म्हणे, आणि पलीकडून कुणीतरी म्हणे, "बरं बाई, ठिवतो."

त्या गुरुवारी मी केसरबाईंना वेळ विचारली. त्यांनी मनगट माझ्याकडे वळवलं. मी चष्मा लावून पाहिलं, अकरा वाजले होते. दुपारी आमचा शिपाई गेणू चहाचं विचारायला आला, तेव्हा त्यांनी तीन बोटं वर केली.

"मुक्यावानी काय करताय, बाई? मशीन आलं म्हणून बोलायचंच सोडलं का?" गेणू म्हणाला. त्या हसल्या. बोर्डावर येणाऱ्यांना त्या "मशीनचंच ऐका" म्हणून परत मशीनकडे पाठवत होत्या. मला वाटलं, रुसल्या असतील. त्यांची नोकरी जाणार, हे सगळ्यांनाच दिसत होतं.

महिन्याभराने त्यांची अंजली सुट्टीवर आली आणि मला भेटायला रेकॉर्डच्या खोलीत आली.

"काका, आई मला हाक मारत नाही."

"चिडली असेल."

"चिडली असती तर नावानंच ओरडली असती. ती टाळी वाजवते."

दुसऱ्या दिवशी मी केसरबाईंना बोलावून यादी त्यांच्यापुढे ठेवली आणि वाचायला सांगितली. त्यांनी चष्मा लावला. ओठ उघडले. काही आलं नाही. मी वर्तमानपत्र दिलं. ते त्यांनी घडाघडा वाचलं, पण मधले काही शब्द त्या गाळत होत्या, खड्डे चुकवत सायकल चालवावी तशा. गाळलेले शब्द मी पेन्सिलने टिपले. सगळे यादीतले होते.

"दिसतंय. कळतंय," त्या म्हणाल्या. "दाढ काढायच्या आधी सुई देत्यात ना, तसं. जीभ हाय, पर जाणवत न्हाय."

"दुखतं का?"

"न्हाय. कायबी हुत न्हाय."

"हे कधीपासून?"

"मशीन जोडलं तवापासनं." हवा कशी आहे हे सांगावं, तशा त्या बोलल्या.

मी काही केलं नाही. असं कुठे होतं का, असं स्वतःला विचारत राहिलो. मनात आलं, ही माझ्या डोक्यातली पुस्तकं बोलताहेत. बापूसाहेबांना चिठ्ठी लिहायला घेतली, तीन वेळा फाडली. बुद्धघोषना मात्र फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "साहेब, तुम्ही वाचता फार," आणि फोन ठेवला.

संक्रांतीच्या आधी बापूसाहेबांनी मला बोलावून सांगितलं, की बोर्ड काढून टाकायचा आणि बाईला हिशोब देऊन मोकळं करायचं. मला कसं सुचलं, ठाऊक नाही. मी म्हणालो, "मशीन कोरडं बोलतं अशी गावांची तक्रार आहे. शब्द वाढवायला हवेत. शब्द वाढवायचे तर आवाज तोच लागेल. बाईंना त्यासाठी पगारावर ठेवावं लागेल."

बापूसाहेबांनी थोडा विचार केला. "करा यादी."

तोवरच्या नोकरीत मान्य झालेली ही माझी पहिली सूचना. मी आनंदात खोलीबाहेर पडलो. पावडरच्या प्लांटपर्यंत आल्यावर, आपण काय बोलून बसलो ते ध्यानात आलं.

केसरबाईंना मी सगळं सांगितलं. नाही म्हणा, असंही सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या.

"लेकीचं अजून..." त्या म्हणाल्या आणि एक बोट वर केलं. अंजलीचं नर्सिंगचं एक वर्ष राहिलं होतं. "त्येवढं हुईस्तवर मला काम पायजे. आणा कागुद."

"केसरबाई, पण..."

"निम्मे शब्द तर मी वापरतच न्हाय, साहेब. जाऊ द्या."

ती यादी मी एका रविवारी दुपारी केली. शब्दकोश उघडून बसलो आणि मला त्यात आनंद वाटला, हे कबूल केलं पाहिजे. गाय, म्हैस, वासरू, व्याली, वैरण, ताप, पाऊस, लेक, पाहुणे, उशीर, काळजी. चारशे शब्द झाले. 'पाणी' मात्र मी मुद्दाम वगळला. माणसाला पाणी मागता आलं पाहिजे.

बुद्धघोष आले, गोधड्या टांगल्या, केसरबाईंनी वाचलं. कुठेही अडखळल्या नाहीत.

मार्चमध्ये इंदापूरला कामाला गेलो होतो. स्टँडसमोरच्या एसटीडी बूथमधून सहज डेअरीचा नंबर लावला. मशीनने नमस्कार केला. मी काटेवाडीचा नंबर दाबला. "फॅट," मशीन म्हणालं, "तीन," आणि मग 'पॉइंट'च्या आधी कुणीतरी श्वास घेतला.

मी फोन कानाला घट्ट लावला. प्रत्येक शब्दाआधी तो होता. हलका, थोडा दमलेला. हे श्वास माझ्यासमोर कापले गेले होते.

लायनीचा दोष असेल म्हणून मी पुन्हा फोन केला आणि अधिकाऱ्यांच्या नावांपर्यंत थांबलो. "संकलन," केसरबाई म्हणाल्या. नंतर एक श्वास आला, जो केसरबाईंचा नव्हता, आणि माझ्या आवाजात माझं नाव. मी फोन ठेवला. बूथवाल्याने पावती फाडून दिली. मी एसटीत बसलो. भवानीनगरच्या अलीकडे उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता अडवला होता, तासभर तिथेच उभे होतो. त्या तासात मी कसलाही विचार केला नाही.

पुढे लासुर्ण्याचे आबाजी कामासाठी डेअरीत आले, तेव्हा गेणूला सांगत होते, "केसरबाय लई मायाळू. काल इचारलं, म्हस व्याली का म्हणून."

"मशीननं?" गेणूने विचारलं.

"मशीन कशाला इचारंल?"

'म्हैस' आणि 'व्याली' दोन्ही यादीत होते. ते जोडायला मात्र कुणी सांगितलं नव्हतं. बुद्धघोषही फोनवर तेच म्हणाले, "मी असं वाक्य जुळवलेलं नाही."

तिसरी यादी पावसाळ्यात झाली. त्यात क्रियापदं होती, सगळ्या रूपांत. यादी बापूसाहेबांनी स्वतः वाचली आणि एक शब्द हाताने वाढवला. काही केंद्रांच्या दुधात पाणी सापडत होतं, ते मशीनने सांगायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी केसरबाईंनी रिकामा पेला गेणूपुढे धरला. तो भरून घेऊन आला. तो आता विचारत नसे.

चौथ्या यादीला बुद्धघोष आले नाहीत. कॅसेटवर घेऊन पाठवा, म्हणाले. त्या यादीत उरलेसुरले बारके शब्द होते. हो, नाही, मी, तुम्ही, आहे, बरं, आणि, आई. रेकॉर्डच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. टेपचं बटण मी दाबलं. केसरबाई एकेक शब्द वाचत होत्या आणि प्रत्येक शब्दानंतर किंचित मान हलवत होत्या, जिन्याच्या पायऱ्या मोजत उतरावं तशी. शेवटचा शब्द झाल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी विचारलं. काय ते आठवत नाही. उत्तर आलं नाही.

अंजली पास झाली. तिला पुण्यात नोकरी लागली. ते कळलं त्या दिवसापासून केसरबाई कामावर यायच्या थांबल्या. बोर्ड काढून टाकला. मशीन चालू होतं, आणि लोक म्हणत की बाईंचा स्वभाव दिवसेंदिवस जास्तच गोड होत चाललाय.

एप्रिलमध्ये मी काटेवाडीला गेलो. कालव्याच्या पलीकडे त्यांचं घर, पुढे गोठा, मागे ऊस. ऊन उतरलं होतं. एक वाळकासा माणूस म्हशीला वैरण टाकत होता. त्याने हात धुतले आणि ओट्यावर घोंगडं अंथरलं.

"डेरीतलं साहेब ना? या, बसा."

आत भांडं पडल्याचा आवाज झाला.

"सोमनाथ."

मी मान वळवली. तोही उठला. आत जाऊन आला. "मीठ गावत नव्हतं तिला," तो म्हणाला.

आम्ही बसलो. म्हैस रवंथ करत होती.

"अठ्ठावीस वरसं नाव न्हाय घेतलं माझं," तो म्हणाला. "आता त्येवढंच ऱ्हायलंय. मीठ पायजे तरी त्येच. पाठ दुखली तरी त्येच. लेक आली, तिला बी त्याच नावानं हाक मारली. लेक रडली."

"डॉक्टरांना..."

"दावलं. घसा चांगला हाय म्हणत्यात." त्याने तंबाखू काढली, पण मळली नाही. "आवाजावरनं वळकतो मी. तान लागली का भूक लागली का."

आत चूल पेटल्याचा वास आला. माफी मागायची म्हणून मी आलो होतो. ती कशी मागायची, हे एसटीत ठरवून ठेवलं होतं. ते सगळं मनात तसंच होतं, पण बोलावंसं वाटेना.

"आन् तुमचं नाव काय म्हणायचं, साहेब?" त्याने विचारलं. "ती आपली पुस्तकवाले साहेब येवढंच म्हणायची."

मी तोंड उघडलं.

जीभ होती. नाव समोर दिसत होतं, रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं असावं तसं. माणूस स्वतःचं नाव किती वेळा उच्चारतो? मी आठवू लागलो. त्या खुर्चीत तीन वेळा म्हटलं होतं. त्यानंतर एकदाही नाही.

"साहेब?"

मी खिशातलं पेन काढलं. कागद नव्हता.

आतून केसरबाईंचा आवाज आला. सुटा, स्पष्ट.

"सोमनाथ."

"आलो," म्हणून तो उठला.

त्या दारातच उभ्या होत्या. त्यांनी हाताने त्याला खाली बसवलं. त्या माझ्याकडे बघत होत्या.